तुझं काय बिघडलं?

मला पोहता येतं हे माझ्या बायकोला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. तिच्या माहेरी, शाहपूरकडच्या केळीच्या मळ्यात, आम्ही उन्हाळ्यात गेलो होतो. तिच्या भावाचा मुलगा विहिरीच्या काठावर खेळता खेळता आत पडला. बायका ओरडत राहिल्या, गडी दोर आणायला धावला, आणि मी अंगातल्या सदऱ्यासकट उडी टाकली. पोराला दंडाला धरून वर आणलं, पायरीवर पालथं घातलं, त्याच्या तोंडातलं पाणी काढलं. तो रडायला लागला तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते आणि शैला नुसती माझ्याकडे बघत होती. "तुम्ही तर म्हणायचात, मला पाण्याची भीती वाटते," ती म्हणाली. "वाटतेच," मी म्हणालो. नर्मदेला गेलो तरी मी कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरलो नव्हतो, घरच्या सहलींमध्ये काठावर चपला सांभाळत बसायचो, हे तिने पाहिलेलं होतं. परतताना बुऱ्हाणपूरच्या बसमध्ये, खिडकीशी बसून, मी तिला सगळं सांगितलं. तिने माझा ओला रुमाल माझ्या हातातून घेतला आणि बस शनवाऱ्याला पोहोचेपर्यंत तो पिळत बसली.

माझ्या लहानपणीही आमचं घर बुऱ्हाणपूरच्या या शनवारा भागातच होतं. भाड्याच्या दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी आणि वर पत्र्याची गच्ची. एका भिंतीपलीकडे पॉवरलूमचा कारखाना होता. त्याची खटखट दिवसभर भिंतीतून यायची, फळीवरची भांडी बारीक थरथरायची, आणि आम्ही सगळे नकळत मोठ्याने बोलायचो. लाइट गेली की मशीन थांबायची आणि आईचा आवाज एकदम घरभर घुमायचा, मग ती स्वतःच दचकून हळू बोलायची. वडील, म्हणजे आमचे दादा, केळीच्या आडतीवर मालाची भरणी बघायचे. घड उतरवणं, फण्या तपासणं, वॅगनमध्ये पाचटात रचून घेणं हे त्यांचं काम. केळीच्या चिकाचे काळे डाग त्यांच्या सगळ्या सदऱ्यांवर होते. तो डाग कशानेच जात नाही. आई लिंबू लावायची, रॉकेल लावायची, शेवटी हात टेकायची. सुटी पडलेली केळी घरी यायची, आणि त्या केळ्यांचं काय करायचं हे आईला विचारावं. कच्ची असली तर भाजी, साली जाड असल्या तर त्यांची लसूण घालून चटणी, पिकली तर शिकरण, आणि अगदीच मऊ झाली तर कणकेत मळून गोड पुऱ्या. रविवारी शेवेची लाल भाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. चौकातल्या हलवायाकडचा दराबा सणावारीच मिळायचा. तो तोंडात ठेवला की विरघळायचा, आणि माझा धाकटा भाऊ रवी तो लवकर संपू नये म्हणून जीभ न हलवता तोंड मिटून बसायचा.

या घरात वस्तादांचं येणं-जाणं होतं. सगळे त्यांना वस्तादच म्हणत, आई तेवढी 'भाऊजी' म्हणायची. कचेरीत नोकरीला होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि उन्हाळ्यात सकाळी तापीच्या डोहावर गावातल्या पोरांना फुकट पोहायला शिकवायचे. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून पोराला पाण्यात सोडायचं आणि आपण बाजूने पोहत राहायचं ही त्यांची पद्धत. पुरात वाहून जाणारी माणसं त्यांनी बाहेर काढली होती. एकदा तर एका बाईला तिच्या तान्ह्या मुलासकट काढलं होतं. त्या दिवसापासून गावात त्यांचा शब्द म्हणजे काय विचारता! नगरपालिकेने हार घातला, गणपतीच्या आरतीला पहिलं ताट त्यांच्या हातात. दादा त्यांना मोठ्या भावासारखं मानायचे. मी नऊ वर्षांचा झालो तेव्हा दादांनीच मला नवी चड्डी घेतली आणि सायकलच्या दांडीवर बसवून घाटावर नेऊन सोडलं. "वस्ताद, हा तुमचा," दादा म्हणाले. ते वाक्य दादा प्रेमाने म्हणाले होते. मला ते आजही ऐकवत नाही.

पोहणं झालं की एखाद्या पोराला वस्ताद मागे थांबवून घ्यायचे. "याच्या कानात पानी गेलंय, तेल टाकावं लागेल." घाटाच्या वर त्यांची खोली होती. पुढे काय व्हायचं ते मी इथे लिहिणार नाही. लाज वाटते म्हणून नाही. लाज ज्याला वाटायला हवी होती त्याला ती कधी वाटली नाही, मग मी का वाहू? लिहीत नाही त्याचं कारण वेगळं आहे. मी पाहिलंय, ही गोष्ट ऐकणारा माणूस सगळ्यात आधी विचारतो, "म्हणजे नेमकं काय केलं?" काळजीने विचारणारे फार थोडे. बाकीच्यांना मोजायचं असतं. एवढंच झालं असेल तर काही विशेष नाही, तेवढं झालं असेल तर मात्र वाईट, असं काहीतरी माप त्यांच्या मनात असतं, आणि माझं बालपण त्या मापात ओतून ते निकाल देणार असतात. हा अधिकार मी कोणाला देत नाही. दोन उन्हाळे ते चाललं, आणि तो गुन्हा होता, एवढं पुरे.

त्यानंतर माझं काय झालं ते मात्र लिहितो, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं. मी अंथरूण ओलं करायला लागलो. मोठा झालेला मुलगा, आणि रोज सकाळी गच्चीवर गोधडी वाळत. गल्लीतली पोरं तिच्याकडे बोट दाखवून हसायची. घाटावर जायच्या दिवशी पोटात कळा यायच्या. मला खरंच कळा यायच्या, मी सोंग करत नव्हतो. दादा म्हणायचे, "नाटक नको, निघ," आणि एकदा पट्ट्याने मारून त्यांनी मला नेलं. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायला माझी जीभ अडकू लागली. 'ह' वर मी इतका वेळ थांबायचो की मास्तर पुढच्याचं नाव घ्यायचे आणि मग माझ्या नावापुढे गैरहजेरी लागायची. न्हाव्याने मानेला हात लावला की मी उठून पळायचो. आईने मला डॉक्टरकडे नेलं, त्यांनी जंतांचं औषध दिलं. मग तिने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, शेजारणीच्या सांगण्यावरून दर्ग्यातून धागा आणून दंडाला बांधला. बिचारीला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं तिने केलं. एवढं धडधडीत माझ्या अंगावर लिहिलेलं होतं, आणि अख्ख्या गल्लीत ते कोणाला वाचता आलं नाही. पोरगं हट्टी आहे, भित्रं आहे, ढ आहे, एवढंच सगळ्यांनी ठरवलं.

इथे मला थांबून एक आजची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण खरं तर तिच्यामुळेच हे प्रकरण मी लिहायला घेतलं. मेडिकलचं दुकान मुलाकडे सोपवल्यापासून मी सकाळी फिरायला जातो आणि मग आम्ही पाच-सहा म्हातारे एका टपरीवर चहा घेतो. एके दिवशी पेपरात बातमी होती. कुठल्याशा गावातल्या शिकवणीच्या मास्तराला लहान मुलाच्या बाबतीत पोलिसांनी पकडलं होतं. आमच्यात एक निवृत्त प्राध्यापक आहेत, वाचन दांडगं. ते म्हणाले, "मास्तरने केलं ते वाईटच. पण नुकसान नुकसान म्हणतात ना, ते त्या गोष्टीने कमी होतं आणि नंतरच्या बोभाट्याने जास्त होतं. लहान मुलाला काय कळतं हो? आपण आरडाओरडा केला नाही, पोलीस-डॉक्टर केले नाहीत, तर ते पोर चार दिवसांत विसरून जाईल. आपणच त्याच्या डोक्यात भरवतो की तुझं फार मोठं काहीतरी झालं म्हणून." दुसरे एक जण म्हणाले, "सही बात है. आणि आजकालची पोरंही काही साधी नसतात." सगळे हसले. प्राध्यापक पुढे म्हणाले, "जुन्या काळात हे काय होत नव्हतं? लोक मोठे झालेच ना?"

मी हातातला चहाचा ग्लास बाकावर ठेवला. मी म्हणालो, "सर, मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा माझ्याबाबतीत झालं. बोभाटा कोणीच केला नाही. पोलीस नाही, डॉक्टर नाही, कोणी माझ्या डोक्यात काही भरवलं नाही. तुम्ही सांगता ते औषध मला अगदी पुरेपूर मिळालं, सगळीकडे शांतता होती. मग मी दहा वर्षांचा होऊन अंथरुणात का मुतत होतो ते सांगा." टपरीवाला किटली धरून उभा राहिला. मी बोलतच राहिलो, कारण आता थांबलो तर पुन्हा कधी बोलणार नाही हे मला कळत होतं. "माझा मुलगा तान्हा होता तेव्हा बायकोने तेलाची वाटी आणि तो, दोन्ही माझ्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, आज तुम्ही लावा. त्या तेलाचा वास आला. मी पोराला चटईवर ठेवून बाहेर निघून गेलो. स्वतःच्या मुलाला मी एकदासुद्धा तेल लावलं नाही, सर. तो हिशेब तुमच्या कोणत्या पुस्तकात आहे?" प्राध्यापक वाईट माणूस नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. पण वाद हरल्यासारखं वाटलं की शिकलेला माणूस शेवटचा एक मुद्दा टाकतोच. ते हळूच म्हणाले, "पण मधुकरराव, तुमचं तर सगळं चांगलंच झालं की. दुकान, घरदार, मुलगा मार्गी लागला. तसं बघितलं तर तुमचं काय बिघडलं?"

हाच प्रश्न, याच शब्दांत, मला चौदाव्या वर्षी विचारला गेला होता. तेव्हा देता आलं नाही ते उत्तर आता लिहितो.

तो उन्हाळा रवीच्या आठव्या वाढदिवसानंतरचा. मी एव्हाना घाटावर जाणं कधीच सोडलं होतं. वाढत्या अंगाच्या पोरांना वस्ताद स्वतःच थांबवून घेत नसत. दुपारची जेवणं चालली होती. आई भाकरी थापत होती, भिंतीपलीकडे मशीन खडखडत होती. दादांनी पिशवीतून एक लाल चड्डी काढली आणि रवीच्या मांडीवर टाकली. "उद्यापासून घाटावर. वस्तादांशी बोललोय मी." रवी खूश झाला. जेवता जेवताच उभा राहून ती कमरेला लावून बघायला लागला. माझा घास तोंडातच राहिला. मी म्हणालो, "रवी नाही जाणार." मशीनच्या आवाजात दादांना ऐकू आलं नसावं. मी पुन्हा म्हणालो, आणि या वेळी माझी जीभ अडकली नाही. "रवी घाटावर नाही जाणार. वस्ताद खोलीत नेतात."

दादांनी विचारलं, "खोलीत नेतात म्हणजे?" मी सांगितलं. ताटाकडे बघत, मोजक्या शब्दांत सांगितलं. माझ्याकडे त्यासाठी शब्दही नव्हते. जे होते ते गल्लीतल्या शिव्यांमधले होते, आणि आईसमोर ते उच्चारावे लागले याचं मला झालेल्या गोष्टीपेक्षा जास्त वाईट वाटलं. दादांनी उष्ट्या हाताने माझ्या तोंडात मारली. मग रवीला बाहेर ओट्यावर पाठवलं. मग तसेच हात न धुता पायात चप्पल घालून निघून गेले. आईने तव्यावरची भाकरी उलटली नव्हती. ती जळल्याचा वास आला तेव्हा तिने ती चिमट्याने उचलून बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही पण मारणार. ती म्हणाली, "जेव तू." एवढंच.

तासाभराने दादा परत आले ते मोठ्या काकांना घेऊन, आणि त्यांच्यामागून वस्ताद. होय, खुद्द वस्ताद. दादांना वाटलं असावं, समोरासमोर झालं की खोटं आपोआप गळून पडेल. मोठे काका म्हणजे दादांचे थोरले भाऊ, हेडमास्तर, आमच्या घराण्यातले शहाणे. ते खुर्चीवर बसले, वस्ताद खाटेवर. मला मध्ये उभं केलं. दादा दाराच्या चौकटीला टेकून राहिले. आईला आत चहा टाकायला सांगितलं.

वस्ताद हसत होते. रागावलेसुद्धा नव्हते, हे मला आजही सगळ्यात भयंकर वाटतं. "अरे मधू, मी तुझं काय बिघडवलं रे बाबा? तुला मी माझ्या पोरासारखं मानलं," ते म्हणाले, आणि मग काकांकडे वळून, "मास्तर, हे वयच असं असतं. पोरगं वयात आलं की डोक्यात काहीबाही फिरतं. माझा राग नाही याच्यावर." मोठ्या काकांनी मान डोलावली. ते माझ्याशी शांतपणे बोलले, वर्गात समजावून सांगावं तसं. या माणसाने आपल्या गावात किती जीव वाचवले ते तुला माहीत आहे का? असा माणूस असलं काही करेल? बरं, समजा झालं असेल काही थट्टामस्करीत, तर तू तेव्हाच का सांगितलं नाहीस? आणि तू जात होतास ना दर वेळी, स्वतःच्या पायांनी? कोणी बांधून नेत होतं का? मी दादांकडे बघितलं. बांधून नाही, पट्ट्याने मारून नेलं होतं. दादा पायाखालच्या फरशीकडे बघत होते. आणि मग काका म्हणाले, "मुलीची गोष्ट असती तर वेगळं. तू मुलगा आहेस. हातपाय धड आहेत, शाळेत जातोस, जेवतोस, खेळतोस. सांग ना, तुझं काय बिघडलं?"

मी उभा होतो. 'ह' वर अडकायचो तसा सगळ्याच शब्दांवर अडकलो होतो. आज मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो. जीव वाचवणारे हात दुसरं काही करू शकत नाहीत असं कोणी सांगितलं? पुरातल्या बाईला वाचवलं म्हणून एक मूल वस्तादांना बक्षीस मिळतं का? मी तेव्हाच सांगितलं नाही, कारण आज सांगितल्यावर काय होतं ते तुम्ही दाखवताच आहात. नऊ वर्षांचं मूल बाप पाठवेल तिथे स्वतःच्या पायांनीच जातं, त्याला संमती म्हणायची असेल तर शाळेत शिक्षा म्हणून उन्हात उभं राहणाऱ्या तुमच्या पोरांचीही त्याला संमती होती म्हणा. आणि मुलगा आहे म्हणून काय? मुलाला अंग नसतं? पण चौदा वर्षांच्या पोराकडून ही उत्तरं मागायची आणि ती आली नाहीत की आपण खरे ठरलो असं मानायचं, हा मोठ्या माणसांचा जुना खेळ आहे. पुढे माझ्या मेहुण्यालाही मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "पण भाऊजी, त्यांनी पोहायला शिकवलं म्हणूनच माझं पोरगं विहिरीतून जिवंत निघालं ना?" त्याच्या मुलाच्या जिवाचा आनंद मलाही होता, म्हणून मी गप्प राहिलो. नाहीतर सांगितलं असतं, की बाबा, पोहायला शिकवायला त्यातलं काहीही करावं लागत नाही. या नदीवर कितीतरी लोकांनी कितीतरी पोरांना पोहायला शिकवलंय आणि संध्याकाळी पोरं हसत घरी गेली आहेत.

आई चहा घेऊन बाहेर आली. परक्या पुरुषांसमोर ती कधी बोलत नसे. मोठ्या काकांसमोर तर डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत यायचा. तिने काकांच्या हातात कप दिला. वस्तादांच्या पुढे बशी धरली, त्यांनी कप उचलायला हात पुढे केला, आणि तिने बशी मागे घेतली. सगळ्यांना वाटलं चहा सांडेल म्हणून तिने सांभाळली. ती तशीच मोरीकडे गेली आणि तो चहा तिने मोरीत ओतला. मग परत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

"याचं काय बिघडलं ते मला विचारा," ती म्हणाली. "याला काय विचारता? दोन वर्षं याचं अंथरूण मी धुतलंय. रोज. उन्हाळ्यात सुरू झालं ते थंडीतसुद्धा. भाऊजी, तुमच्या घाटावरून आल्यावर हा पोर न्हाणीत बसून अंग इतकं घासायचा की कातडं निघायचं. मी म्हणायची, पाण्याची नासाडी करू नको. मला कळलं नाही. मला आता कळलं."

वस्ताद उठले. "वहिनी, तुम्ही काय बोलता—"

"तुम्ही माझ्या घरातून जा," आई म्हणाली.

मोठे काका गरजले, "इंदू, बायकांनी यात पडायचं नाही! घराण्याची अब्रू—"

"अब्रू पोराची गेली नाही, मोठे भाऊजी. ज्याने केलं त्याची जायला पाहिजे. रवी जाणार नाही. कोणी नेतो म्हणालं तर आधी माझे हातपाय तोडा." तिचा आवाज चढला नव्हता. पण त्याच क्षणी लाइट गेली, भिंतीपलीकडची मशीन बंद पडली, आणि तिचे शेवटचे शब्द गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेले. एरवी लाइट गेली की आवाज कमी करणारी माझी आई त्या दिवशी दचकली नाही. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि या वेळी मोठ्याने.

रवी गेला नाही. पण म्हणून सत्याचा विजय वगैरे झाला, असं समजू नका. मोठ्या काकांनी आमच्याकडे येणं टाकलं. आडतीवर लोक दादांना विचारायचे, "क्या बात है, वस्तादजींसोबत भांडण झालं म्हणे?" आणि दादा म्हणायचे, "नाही हो, घरगुती गोष्ट आहे." आईला नळावर बायका टोमणे मारायच्या, चांगल्या माणसावर आळ घेणारी म्हणून तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. आणि ज्यांनी त्या दुपारी आईचा प्रत्येक शब्द ऐकला होता, त्या शेजाऱ्यांनी पुढच्या उन्हाळ्यात आपली पोरं घाटावर पाठवली. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही. लोक म्हणतात, क्षमा करावी, मन हलकं होतं. माझं मन हलकं करण्याआधी ज्या पोरांना नंतर त्या खोलीत नेलं त्यांची विचारपूस कोणी करणार आहे का? त्यांच्या आया कोणकोणती औषधं देत बसल्या असतील?

दादा माझ्याशी त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मी शिकलो, दुकान काढलं, शैला घरात आली, मुलगा झाला. दादा नातवाला कडेवर घेऊन गल्लीत फिरायचे, पण माझ्या नजरेला नजर देताना त्यांना काहीतरी आठवायचं आणि ते वळायचे. आईने त्यांना टाकून बोललेलं मी ऐकलं नाही. माझ्या बाजूने उभं राहण्याचं तिचं काम तिने केलं होतं, आणि तिच्या लेखी दादांनी त्यांचं काम अजून करायचं होतं.

वस्ताद म्हातारे होऊन, मानाने मेले. अंत्ययात्रा मोठी निघाली. नगरपालिकेची माणसं होती, घाटावर शिकलेली तीन पिढ्यांतली पोरं होती, हार इतके की चेहरा दिसत नव्हता. "राम नाम सत्य है" करत लोक आमच्या गल्लीतून निघाले. आमच्याकडे रीत अशी, की प्रेत दारावरून जाताना पुरुष माणसाने ओट्यावरून उतरून चार पावलं तरी चालायचं. दादा पांढरी टोपी घालून ओट्यावर उभे होते. मी दारात होतो, आई माझ्या मागे. ओळखीच्यांनी हाक मारली, "चला दादा, तुमचे तर खास होते." दादा उतरले नाहीत. पुन्हा हाक आली. लोकांनी खांदा बदलायला म्हणून यात्रा थांबवली, तेव्हा दादा मोठ्याने म्हणाले, "मी येत नाही. या माणसाने माझ्या पोराला छळलं. हा इथे उभा आहे तो, मधू. नऊ वर्षांचा होता."

कोणीतरी म्हणालं, "दादा, अहो मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये." दादांनी ओट्याचा खांब धरला. "जिवंत होता तेव्हा बोलायला पाहिजे होतं," ते म्हणाले, "तेव्हा मी बोललो नाही. म्हणून आता बोलतो. माझा पोरगा खरं बोलत होता."

लोक कुजबुजले, काही जणांनी आमच्याकडे रागाने पाहिलं, आणि तिरडी पुन्हा उचलली गेली. तेवढ्यात मला दिसलं, तिरडीच्या मागच्या बाजूला खांदा दिलेला एक माणूस, चाळिशीतला, अंगाने भरलेला, त्याने आपला खांदा दुसऱ्याकडे दिला आणि तो गर्दीतून बाहेर आला. मी त्याला ओळखत नव्हतो. तो आमच्या ओट्याच्या पायरीवर येऊन बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत राहिला. यात्रा पुढे निघून गेली, कोपऱ्यावर वळली, आवाज कमी होत गेला. तो उठला नाही. दादा त्याच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून, हळूच खाली बसले. आईने आतून पाण्याचा ग्लास आणला. त्याने तो एका दमात संपवला.

"आणखी देऊ का, बाळा?" आईने विचारलं.

त्याने ग्लास पुढे केला.